सरकार पुराणमतवादी असताना महिला हक्क आणि युवा स्वयंसेवा कार्यक्रम टिकवायचे कसे? (कॅनडा)

पाटीपेन्सिल
कॅनडातल्या छोट्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांच्या संदर्भात विचारतो आहे. एका बाजूला महिलांना कायदेविषयक माहिती देण्याचं काम, दुसऱ्या बाजूला १७ ते २४ वयाच्या मुलामुलींचा पूर्णवेळ स्वयंसेवा कार्यक्रम. दोन्हीकडे बराचसा पैसा संघराज्य सरकारचा. सरकार कॉन्झर्व्हेटिव्ह असलं की "आता कात्री लागणार" अशी कुजबुज सुरू होते आणि संचालक मंडळात दोन तट पडतात. एक म्हणतो, गप्प बसा, नजरेत येऊ नका. दुसरा म्हणतो, रस्त्यावर उतरा.

नेमकं विचारायचं ते असं :
१) स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारच्या काळात (२००६ ते २०१५) प्रत्यक्षात काय कापलं गेलं, आणि कोणत्या मार्गाने?
२) धर्मादाय नोंदणी असताना सरकारच्या धोरणाविरुद्ध कितपत बोलता येतं?
३) युवा कार्यक्रमावर "महागडा" असा शिक्का बसतो, त्याला उत्तर काय?
४) सह्यांच्या मोहिमेचा खरंच उपयोग होतो का?

"एकजूट महत्त्वाची" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कागद, मुदती, आकडे यांवर बोलू या.

दौतटाक
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

कात्री पैशाला लागते अशी सर्वसाधारण समजूत आहे. २००६ मध्ये आधी शब्दांना लागली. २५ सप्टेंबर २००६ ला सरकारने सुमारे १ अब्ज डॉलरच्या कपातींची यादी जाहीर केली. त्यात 'स्टेटस ऑफ विमेन कॅनडा' या महिलाविषयक यंत्रणेचे ५० लाख डॉलर होते. बातम्यांचे मथळे त्यावर झाले. पण पाठोपाठ तिच्या 'विमेन्स प्रोग्रॅम' या अनुदान कार्यक्रमाच्या उद्दिष्टातून 'समानता' हा शब्द गळला. धोरणबदलासाठी पाठपुरावा, लॉबिंग आणि संशोधन यांना अनुदान मिळणार नाही अशी अट आली, वर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही त्याच अनुदानाला पात्र ठरल्या. १६ पैकी १२ प्रादेशिक कार्यालयं बंद झाली.

आता गंमत बघा. २००७ च्या अर्थसंकल्पात याच यंत्रणेला दोन वर्षांसाठी २ कोटी डॉलर वाढवून मिळाले. म्हणजे "पैसे कापले" हा आरडाओरडा करणाऱ्यांच्या हातातला मुद्दाच गेला, अट मात्र जागेवर राहिली. ज्या संस्था महिलांना हक्क समजावून सांगून वर कायदा बदलायची मागणीही करत होत्या, त्यांची अडचण तशीच राहिली. 'नॅशनल असोसिएशन ऑफ विमेन अँड द लॉ'ला २००७ मध्ये कार्यालय बंद करावं लागलं.

हे संसदेत मतदान न होता कसं झालं? अनुदान कार्यक्रमाचे 'नियम व अटी' हा वेगळा प्रशासकीय दस्तऐवज असतो. तो मंत्रालय आणि ट्रेझरी बोर्ड (सरकारी खर्चावर देखरेख करणारी मंत्र्यांची समिती) यांच्या पातळीवर बदलतो. अर्थसंकल्पातली एकूण रक्कम तीच ठेवून कार्यक्रमाचा आत्मा बदलता येतो, तो इथून. म्हणून दर वर्षी १ एप्रिलला, म्हणजे नवं आर्थिक वर्ष सुरू होताना, आपल्या कार्यक्रमाची उद्दिष्टं, पात्रता आणि 'निधी न मिळणारी कामं' ही पानं उतरवून ठेवायची आणि मागच्या वर्षीच्या पानांशी ओळीने ओळ ताडून बघायची. जुनी पानं संकेतस्थळावरून उडतात, त्यामुळे तारखेसह पीडीएफ स्वतःकडे हवी.

दुसरा मार्ग म्हणजे जाडजूड अर्थसंकल्पीय विधेयक. समान मूल्याच्या कामाला समान मोबदला (पे इक्विटी) या हक्कावर २००९ मध्ये जो घाव बसला, तो वेगळ्या महिला विधेयकातून नव्हे, अर्थसंकल्प अंमलबजावणी विधेयकाच्या पोटातून. सरकारी कर्मचाऱ्याला अशा तक्रारीत युनियनने मदत केली तर ५०,००० डॉलरपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात होती. सरकार अल्पमतात होतं, तरी विधेयक पास झालं, कारण अर्थसंकल्प पाडला तर सरकार पडतं आणि निवडणूक लागते. विरोधकांना ते नको होतं. पुढे २०१८ मध्ये पे इक्विटी कायदा झाला आणि तो ३१ ऑगस्ट २०२१ ला लागू झाला. म्हणजे एका कलमाची भरपाई व्हायला बारा वर्षं.

तिसरा मार्ग आकडेवारी. २०१० मध्ये सक्तीचा दीर्घ जनगणना फॉर्म काढून ऐच्छिक सर्वेक्षण आणलं. सांख्यिकी विभागाचे प्रमुख मुनीर शेख यांनी राजीनामा दिला. २००६ ला दीर्घ फॉर्मचा प्रतिसाद ९३.५ टक्के होता, २०११ च्या ऐच्छिक सर्वेक्षणाचा ६८.६. घरातल्या बिनपगारी कामाचा प्रश्न १९९६, २००१ आणि २००६ ला विचारला गेला होता, तो याच फेरीत गायब झाला. ज्याची मोजणी नाही त्याची मागणी कशाच्या जोरावर करणार?

चौथं, कोर्ट. कोर्ट चॅलेंजेस प्रोग्रॅम (हक्कांच्या चाचणी खटल्यांना सरकारी मदत) १९७८ चा. १९८५ पासून त्यात समानतेचे खटले आले. १९९२ ला बंद, १९९४ ला सुरू, २००६ ला पुन्हा बंद. फ्रेंच भाषकांच्या महासंघाने कोर्टात दाद मागितली, २००८ मध्ये तडजोड झाली आणि भाषिक हक्कांपुरती मदत परत मिळाली. समानतेच्या खटल्यांना २०१७ पर्यंत थांबावं लागलं. एकाच कार्यक्रमातले दोन लाभार्थी, ज्याने दावा लावला त्याला त्याच्यापुरतं मिळालं.

कलमदान
दौतटाक यांच्याशी सहमत. एक भर घालतो, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

'स्टेटस ऑफ विमेन कॅनडा' १९७६ ची, पण तिला स्वतःचा कायदा नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये तिचं 'विमेन अँड जेंडर इक्वॅलिटी' हे खातं झालं, ते संसदेच्या कायद्याने. त्याच वर्षी जेंडर बजेटिंगचा (अर्थसंकल्पाचा स्त्री-पुरुषांवर होणारा वेगवेगळा परिणाम तपासण्याचा) कायदाही झाला. आता खातंच बुडवायचं असेल तर संसदेत विधेयक आणावं लागेल, चर्चा होईल, समितीत साक्षी होतील. कायदा बजेटची हमी देत नाही, पण गुपचूप बुडवणं अवघड करतो.

कॅनडा सर्व्हिस कोअर (युवा स्वयंसेवेचा संघराज्य सरकारचा कार्यक्रम, १५ ते ३० वयोगट, २०१८ पासून) मात्र खात्याअंतर्गत चालणारा कार्यक्रम आहे, स्वतंत्र कायद्याचं कवच त्याला नाही. दोन्ही कामं एका छताखाली असतील तर आधी जोखमीत युवा कार्यक्रम आहे असं धरून चाला. बहुतेक मंडळं नेमकं उलटं धरतात, कारण महिला हक्कांवरचा वाद जास्त आवाज करतो.

आता प्रश्न दुसरा, बोलता येतं का. येतं, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त.

२०१८ च्या आधी महसूल यंत्रणा 'राजकीय कामा'साठी साधारण १० टक्के साधनांची मर्यादा धरायची. २०१२ च्या अर्थसंकल्पात अशा कामाच्या तपासणीसाठी ८० लाख डॉलर ठेवले गेले आणि लेखापरीक्षणं सुरू झाली. कितीतरी संस्थांनी नियम न वाचताच तोंडाला कुलूप लावलं. जुलै २०१८ मध्ये ऑन्टारियोच्या सुपीरियर कोर्टाने 'कॅनडा विदाउट पॉव्हर्टी' प्रकरणात हे निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतात असा निकाल दिला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये आयकर कायदा बदलला. आज आपल्या धर्मादाय उद्देशाला पूरक असलेला, पक्षनिरपेक्ष धोरणसंवाद हवा तितका करता येतो. टक्केवारीची मर्यादा नाही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, उद्देशकलम. संस्थेच्या घटनेत 'महिलांच्या हक्कांसाठी कायदा बदलून घेणे' असा उद्देशच लिहिला असेल तर तो राजकीय ठरतो आणि नोंदणीच अडते. 'महिलांना कायदेविषयक शिक्षण व साहाय्य देणे' असा उद्देश ठेवून, त्याला पूरक म्हणून कायदाबदलाची मागणी केली तर चालतं. दुसरं, पक्ष. कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रत्यक्ष वा आडून प्रचार अथवा विरोध, पूर्ण बंद. "या विधेयकाला विरोध करा" चालतं, "विधेयक आणणाऱ्यांना घरी बसवा" चालत नाही. संस्थेच्या खात्यावरून एखाद्या स्वयंसेवकाने पक्षाची पोस्ट पुढे ढकलली तरी ती संस्थेचीच धरली जाऊ शकते. म्हणून खात्याचे पासवर्ड दोघांकडे आणि दोघांच्या संमतीशिवाय पोस्ट नाही, असा लेखी नियम करा. तिसरं, निवडणुकीचा काळ. एखाद्या पक्षाशी जोडल्या गेलेल्या मुद्द्यावर पैसे देऊन केलेली जाहिरातसुद्धा त्या काळात निवडणूक जाहिरात ठरू शकते. असा नियमनाखाली येणारा खर्च ५०० डॉलरला पोचला की 'तृतीय पक्ष' (राजकीय पक्ष किंवा उमेदवार नसलेला प्रचारकर्ता) म्हणून इलेक्शन्स कॅनडा या निवडणूक यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. ५०० म्हणजे सोशल मीडियावरच्या एक-दोन जाहिराती. इथे बरेच जण अडकतात.

लॉबिंग कायदा पगारी माणसांना लागू होतो. फुकट काम करणाऱ्या संचालकाने खासदाराची भेट घेतली तर नोंदणी लागत नाही. पगारी संचालिकेचे तास मात्र मांडून ठेवा.

मंडळातल्या 'गप्प बसा' गटाला एवढंच सांगा : २००६ नंतर गप्प बसलेल्यांनाही तीच अट लागली.

पाटीपेन्सिल
दोघांचेही आभार. उद्देशकलमाचा मुद्दा लक्षात आला नव्हता. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर कुणी लिहील का? कॅटिमाव्हिक या पूर्णवेळ युवा स्वयंसेवा कार्यक्रमाचं उदाहरण सगळे देतात, पण "उपोषण केलं" याच्या पलीकडे कुणी जात नाही.

खडूफळा
जातो पलीकडे.

कॅटिमाव्हिक (इनुक्टिटुट भाषेत 'भेटीची जागा') १९७७ चा. झाक एबेर हे त्याचे एक संस्थापक, पुढे सिनेटर. ब्रायन मल्रोनी यांच्या पुराणमतवादी सरकारने १९८६ मध्ये निधी थांबवला तेव्हा त्यांनी सिनेटच्या दालनाबाहेर २१ दिवस उपोषण केलं. देशभर बातमी झाली. निधी परत आला नाही. कार्यक्रम पुन्हा उभा राहिला तो १९९४ मध्ये, सरकार बदलल्यावर. २९ मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात दुसऱ्यांदा बंद. २०१८ मध्ये पुन्हा सुरू. म्हणजे दोनदा मेला आणि दोनदा जिवंत झाला, आणि चारही वेळा कारण एकच : ओटाव्यात कोण बसलंय.

कारणं उघड आहेत. जवळजवळ सगळा पैसा एकाच खात्याकडून, कॅनेडियन हेरिटेजकडून. संस्थापक लिबरल सिनेटर. २००२ ते २००६ मंडळाचे अध्यक्ष होते जस्टिन ट्रुडो, जे २०१२ ला विरोधी बाकावरचे खासदार. कार्यक्रम कितीही चांगला असो, समोरच्याच्या डोळ्यांना तो दुसऱ्या पक्षाचं घरचं कार्य दिसत होता. तेव्हा मंडळात किमान दोन माणसं अशी घ्या ज्यांना कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार नावाने ओळखतो : निवृत्त सैनिक, गावच्या व्यापारी संघाचा माणूस, चर्चच्या अन्नछत्राची व्यवस्थापिका. शोभेसाठी नव्हे, बैठकीत मत मांडण्यासाठी.

आता 'महागडा'. २०१२ ला सरकारचा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा होता : प्रति सहभागी खर्च आणि मधेच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. या दोन्हीत भाजक कोणता घेता यावर सगळं अवलंबून आहे. काल्पनिक उदाहरण घ्या. ११ जणांचा गट, २६ आठवडे, आठवड्याला ३५ तास, एकूण खर्च २,००,००० डॉलर. आठव्या आठवड्यानंतर तिघे गेले.

सुरुवात केलेल्यांवर भागलं तर माणशी १८,१८२ डॉलर. पूर्ण करणाऱ्यांवर भागलं तर २५,०००. मंत्री दुसरा आकडा उचलणार, हे गृहीत धरा. तुमच्याकडे तिसरा हवा. प्रत्यक्ष हजर आठवडे मोजा : ८ गुणिले २६ म्हणजे २०८, अधिक ३ गुणिले ८ म्हणजे २४, एकूण २३२. गुणिले ३५, म्हणजे ८,१२० तास. एका तासामागे सुमारे २४ डॉलर ६० सेंट. आणि यात राहणं, जेवण, प्रवास, गटनेत्याचा पगार सगळं आलं. हा आकडा यजमान संस्थेत (जिथे मुलं काम करतात तिथे) झालेल्या कामाच्या शेजारी ठेवला की चर्चा बदलते, कारण त्या तासांत अन्नपेढीची किंवा वृद्धाश्रमाची कामं झालेली असतात.

पण त्यासाठी तासांची नोंद पहिल्या दिवसापासून हवी, आणि ती यजमान संस्थेच्या सहीची. वर्षाअखेरीस अंदाजाने भरलेल्या तासांना समितीपुढे किंमत नसते. सोडून गेलेल्यांची संख्या लपवू नका, कारण लिहा : नोकरी मिळाली, कॉलेजात प्रवेश मिळाला, आजारपण, गटात पटलं नाही. पहिली दोन कारणं तर कार्यक्रमाचं यशच आहेत. शेवटचं कारण वाढत असेल तर गटनेत्याचं प्रशिक्षण कमी पडतंय, ते आधी सुधारा.

आणखी एक खड्डा. 'स्वयंसेवा' म्हणायचं आणि तासाला पैसे द्यायचे, हे करू नका. २०२० च्या विद्यार्थी सेवा अनुदान योजनेत १०० तासांना १,००० डॉलर, ५०० तासांना ५,००० डॉलर असं गणित होतं. तासाला १०. तेव्हा ऑन्टारियोचं सर्वसाधारण किमान वेतन १४ होतं. योजना इतर कारणांनीही बुडाली, पण या गणिताने आधीच टीका ओढवून घेतली होती. निवास, जेवण, प्रवास, किरकोळ भत्ता आणि शेवटी शिक्षणासाठी रक्कम ही रचना ठेवा आणि करारात 'वेतन' शब्द येऊ देऊ नका. प्रांताचे कामगार नियम वकिलाकडून तपासून घ्या, नुसता शब्द बदलून नियम बदलत नाही.

अडकित्ता
थोडा विरोधी सूर लावतो.

वर सगळेच 'ते विरुद्ध आपण' धरून चालले आहेत. ऑन्टारियोत माध्यमिक शाळेच्या पदविकेसाठी ४० तास समाजसेवा सक्तीची आहे. ती १९९९ ला आली तेव्हा सरकार कोणाचं होतं? माइक हॅरिस यांचं, पक्कं पुराणमतवादी. या मंडळींना स्वयंसेवा नको असते असं नाही. त्यांना सरकारच्या खिशातून चालणारी पूर्णवेळ स्वयंसेवा नको असते. फरक समजला तर भाषा सापडते : स्थानिक यजमान, जुळवून आणलेला निधी, कौशल्य, गावखेड्यातलं मनुष्यबळ. कार्यक्रम तोच.

महिला हक्कांतही पक्ष एकसंध नसतो. मोशन ३१२ आठवते का? गर्भ 'माणूस' कधी होतो हे तपासायला समिती नेमा अशी ती मागणी, मांडणारे सत्ताधारी बाकावरचे स्टीफन वुडवर्थ. २६ सप्टेंबर २०१२ ला ९१ विरुद्ध २०३ ने पडली. पंतप्रधान हार्पर यांनीही विरोधात मत दिलं. त्याउलट २००८ मधलं सी-४८४, 'गर्भवतीवर हल्ला केल्यास गर्भासाठी वेगळा गुन्हा' असं गोंडस दिसणारं विधेयक, दुसऱ्या वाचनात १४७ विरुद्ध १३२ ने पुढे सरकलं. कारण ते गर्भपाताचं नाव न घेता आलं होतं. तिथे घोषणा चालल्या नाहीत. वकिलांनी आणि डॉक्टरांनी व्याख्येतला धोका कलम दाखवून समजावला, मग खुद्द न्यायमंत्र्यांनी पर्यायी विधेयकाची घोषणा केली आणि निवडणूक लागल्यावर मूळ विधेयक संपलं.

खासदाराने स्वतः मांडलेल्या (खासगी) विधेयकाला दुसऱ्या वाचनात साधारण दोन तास चर्चा मिळते, एकेक तास, मधे काही आठवडे. दोन तासांच्या मधला हा काळ हेच खरं काम करायचं मैदान. पहिल्या तासाची भाषणं वाचायची, डळमळणारे आठ-दहा खासदार वेचायचे, आणि त्यांच्याच मतदारसंघातल्या माणसांना त्यांच्या स्थानिक कार्यालयात पाठवायचं. ओटाव्यातल्या मोर्च्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त टोचणारं.

दौतटाक
अडकित्ता यांचा मुद्दा मान्य, पण एक फोड करतो : मुक्त मतदान असेल तिथेच हे चालतं. अर्थसंकल्पाला पक्षादेश असतो, तिथे सत्ताधारी खासदाराचं मन वळवून काही हाती लागत नाही. त्याला मतदानाच्या आधी, अर्थसंकल्प लिहिला जात असताना गाठायला हवं. अर्थ समिती अर्थसंकल्पपूर्व निवेदनं मागवते, साधारण उन्हाळ्यात. निवेदन दोन हजार शब्दांत बसवावं लागतं. मागणी एकच आणि आकड्यासह. सात मागण्या लिहिल्या की एकही अहवालात येत नाही.

कलमदान
चौथा प्रश्न राहिला, सह्या. संसदेकडे करायच्या कागदी अर्जाला २५ वैध सह्या पुरतात, ई-अर्जाला ५०० लागतात, शिवाय सुरुवातीला पाच समर्थक आणि मांडायला तयार असलेला एक खासदार. ई-अर्ज ३०, ६०, ९० किंवा १२० दिवस खुला ठेवता येतो. सही करायला वयाची अट नाही, त्यामुळे १६ वर्षांच्या स्वयंसेवकाचीही सही चालते. सभागृहात मांडल्यावर सरकारला ४५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. उपयोग आहे तो या उत्तराचा. ५०,००० सह्यांनी सरकार हलतं हा भ्रम सोडा. अर्जातला प्रश्न असा लिहा की उत्तरात ठोस माहिती द्यावीच लागेल. "निधी वाढवा" म्हटलं तर गुळमुळीत परिच्छेद येतो. "कार्यक्रमाच्या पात्रतेच्या अटी कोणत्या तारखेला आणि कोणत्या मूल्यमापनाच्या आधारे बदलल्या ते जाहीर करावे" म्हटलं तर टाळाटाळसुद्धा लेखी नोंदवली जाते. कागदी अर्जात संसदेने ठरवलेला साचा सोडला, किंवा मजकूर नसलेल्या कोऱ्या पानावर सह्या घेतल्या, की त्या बाद.

याच्या जोडीला माहितीचा अर्ज टाका. शुल्क ५ डॉलर, मुदत ३० दिवस. नागरिक, कायम रहिवासी किंवा कॅनडात असलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. "युवा कार्यक्रमाविषयीची सर्व कागदपत्रं" असं मागितलं की खातं मुदतवाढ घेणार आणि वर्ष निघून जाणार. तीन महिन्यांचा कालावधी, खात्यातल्या शाखेचं नाव आणि 'मंत्र्यांसाठीच्या टिपण्या व त्यांची जोडपत्रं' एवढंच मागा. काळी पट्टी मारलेली पानं आली किंवा वेळ उलटली तर ६० दिवसांच्या आत माहिती आयुक्तांकडे तक्रार.

खडूफळा
वर आलेल्या तारखांत आणखी एक भर घाला. मुख्य अंदाजपत्रकं (खात्यांच्या वर्षभराच्या खर्चाचा तपशील) १ मार्चपर्यंत सभागृहात येतात आणि संबंधित संसदीय समितीने ३१ मेपर्यंत अहवाल दिला नाही तर दिल्याचं मानलं जातं. समिती रक्कम कमी करू शकते, वाढवू शकत नाही. म्हणून एप्रिलमध्ये समितीच्या सदस्याला भेटून "वाढवा" म्हणण्यात अर्थ नसतो. मंत्री समितीपुढे येईल तेव्हा विचारायचे दोन प्रश्न त्याच्या हातात द्या, टाइप केलेले, अर्ध्या पानात, मागच्या वर्षीच्या पीडीएफची प्रत जोडून.